नरसिंह रावांनी तेलुगूसाठी नेमकं काय केलं?

प्रश्न असा आहे: महाविद्यालयात पी. व्ही. नरसिंह रावांवर तासाभराचं व्याख्यान द्यायचं आहे. १९९१च्या आर्थिक निर्णयांवर साहित्य ढिगानं मिळतं. पण ते तेलुगूचे कैवारी होते, सतरा भाषा जाणत होते, त्यांनी एका मराठी कादंबरीचा तेलुगू अनुवाद केला, एवढ्या दोन-तीन ओळींपलीकडे काही सापडत नाही. भाषेसाठी त्यांनी प्रत्यक्षात काय केलं आणि त्यातलं किती टिकलं?

पहिली सूचना: सतरा भाषांपासून सुरुवात करू नका. हा आकडा सगळीकडे फिरतो, पण त्यातून काही कळत नाही. एखादी भाषा समजणं, तीत भाषण करणं, तीत कायद्याचा मसुदा तपासणं आणि तीत छापण्याजोगा अनुवाद करणं या चार वेगळ्या पायऱ्या आहेत. रावांचं मोठेपण शेवटच्या दोन पायऱ्यांवर आहे. मराठीतून तेलुगूत आणि तेलुगूतून हिंदीत अशी दोन मोठी कादंबरीभाषांतरं त्यांच्या नावावर आहेत. तेलुगू राज्यभाषा झाली तेव्हा ते कायदामंत्री होते, आणि विद्यापीठीय पुस्तकं तेलुगूत आणण्यासाठी जी संस्था निघाली तिचे ते पहिले अध्यक्ष. व्याख्यानाचा कणा इथे ठेवा.

दुसरी गोष्ट आधी मनाशी पक्की करा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. भाषा वापरात येते ती साखळीनं. कायदा, मग संज्ञा, मग पुस्तक, मग परीक्षेचा पेपर, मग नोकरी. या पाचांपैकी एक कडी तुटली की आधीच्या कड्यांचं काम कपाटात पडून राहतं. रावांनी पहिल्या तीन कड्यांवर मनापासून काम केलं. तेलुगूची साखळी तुटली ती पुढे.

ही साखळी पूर्ण झालेली त्यांनी लहानपणी पाहिली होती, पण दुसऱ्याच भाषेत. त्यांचा जन्म २८ जून १९२१चा, वरंगळ भागातल्या लकनेपल्लीचा. दत्तक गेल्यामुळे वाढले करीमनगरकडच्या वंगरा गावात. हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याच्या सोळा जिल्ह्यांपैकी आठ तेलुगूभाषक, पाच मराठी (आपला मराठवाडा) आणि तीन कन्नड. कारभाराची भाषा मात्र उर्दू. १९१७मध्ये हैदराबादेत सरकारी भाषांतर विभाग निघाला, १९१८मध्ये उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं, आणि वैद्यक-अभियांत्रिकीसारखे विषयसुद्धा उर्दूत शिकवले जाऊ लागले. आधुनिक उच्च शिक्षण भारतीय भाषेतून देण्याचा हा देशातला पहिला मोठा प्रयोग. तो चालला, कारण ज्या भाषेत पुस्तक त्याच भाषेत परीक्षा, आणि त्याच भाषेत निजामाच्या दरबारची नोकरी. मात्र बहुसंख्य प्रजेच्या घरात ती भाषा नव्हती. १९४८नंतर राजवट गेली तसा प्रयोगही संपला. साखळीचं बळ आणि तिची अट, दोन्ही इथे दिसतात.

त्या राज्यात तेलुगूची अवस्था सांगणारा एक प्रसंग मराठी श्रोत्यांना अवश्य सांगा, कारण तो आपल्याला अडचणीत टाकणारा आहे. नोव्हेंबर १९२१मध्ये हैदराबादेत विवेकवर्धिनीच्या सभागृहात समाजसुधारणा परिषद भरली होती. अध्यक्ष होते महर्षी धोंडो केशव कर्वे. आलंपल्ली वेंकटराम राव तेलुगूत बोलायला उभे राहिले तेव्हा सभेतून हुर्यो झाली. उर्दू, मराठी, इंग्रजीतली भाषणं चालत होती; तेलुगूत बोलणं हास्यास्पद ठरलं. विवेकवर्धिनी ही हैदराबादच्या मराठी मंडळींची संस्था, आणि उर्दूच्या दडपणाखाली मराठीही होतीच. तरीही शेजारच्या भाषेला हा अनुभव आपल्या सभागृहात आला. त्या अपमानातून त्याच सुमारास आंध्र जन संघम् उभा राहिला आणि पुढे त्याचीच आंध्र महासभा झाली. सुरवरम् प्रताप रेड्डींनी १९२६मध्ये ‘गोलकोंडा पत्रिका’ काढली आणि तेलंगणात कवीच नाहीत या शेऱ्याला उत्तर म्हणून १९३४मध्ये ३५४ कवींच्या रचनांचा संग्रह छापला. रावांची पिढी या वातावरणात वाढली. त्यांच्या भाषाप्रेमाचं मूळ शोधताना थेट संस्कृत पांडित्याकडे जाऊ नका. आधी इथे थांबा.

१९३८मध्ये वंदे मातरम् म्हणण्यावरून निजामी राज्यातल्या विद्यार्थ्यांचं आंदोलन पेटलं. आधी औरंगाबादच्या महाविद्यालयात, मग उस्मानियात आणि वरंगळकडे. काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठानं दार उघडलं. राव त्यांच्यातले एक. पुण्याचं फर्ग्युसन आणि नागपूर ही त्यांची शिक्षणाची पुढची ठिकाणं. इथे एक खुलासा उपयोगी पडेल. त्यांच्या अधिकृत परिचयात मुंबई विद्यापीठाचं नाव दिसतं आणि पुण्याचं दिसत नाही. पुणे विद्यापीठ सुरू झालं १९४९मध्ये, तोवर फर्ग्युसनचे पदवीधर मुंबईचेच. त्यांचं मराठी शिक्षण म्हणजे ही वर्षं. पाठ्यपुस्तकातून शिकलेली ही मराठी नव्हती. वसतिगृहात, खाणावळीत आणि वर्गात कानांवर पडलेली होती. पुढे हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीतल्या बायकांचं बोलणं तेलुगूत आणताना ती कामी आली असणार.

स्वातंत्र्यानंतर ते आणि पामुलपर्ती सदाशिव राव वरंगळहून ‘काकतीय पत्रिका’ हे तेलुगू साप्ताहिक चालवत होते, १९४८ ते १९५५. लेखन ‘जय-विजय’ या जोडनावानं. १९५७पासून १९७७पर्यंत ते मंथनीचे आमदार. मंत्रिपदाची वर्षं नीट लावून घ्या, कारण इथेच लेखांमध्ये गोंधळ होतो: १९६४-६७ कायदा व देवस्थानं, १९६७ आरोग्य, १९६८-७१ शिक्षण. सप्टेंबर १९७१ ते जानेवारी १९७३ मुख्यमंत्री.

आंध्र प्रदेशचा राजभाषा कायदा १९६६चा, म्हणजे राव कायदामंत्री असतानाचा. (आपला महाराष्ट्राचा १९६४चा.) अशा कायद्याबद्दल विद्यार्थ्यांच्या मनात एक चुकीचं चित्र असतं: कायदा झाला, आता सगळं तेलुगूत. तसं होत नाही. घटनेच्या ३४५व्या अनुच्छेदाखाली विधिमंडळ राज्याची भाषा ठरवतं, पण कोणतं काम कधीपासून त्या भाषेत करायचं हे सरकारला खात्याखात्यानं लागू करत जावं लागतं. वर ३४८वा अनुच्छेद आहे. त्यानुसार उच्च न्यायालयाची भाषा मुळात इंग्रजी, आणि विधेयक राज्यभाषेत मंजूर झालं तरी राज्यपालांच्या अधिकारानं प्रसिद्ध झालेलं त्याचं इंग्रजी भाषांतर हाच अधिकृत पाठ मानला जातो. म्हणजे मसुदा लिहिणारा अधिकारी इंग्रजीत विचार करतो, कारण वादाच्या वेळी इंग्रजी पाठ उघडला जाणार हे त्याला ठाऊक असतं. कोणी ‘अंमलबजावणी का झाली नाही’ विचारलं की आळस, न्यूनगंड अशी उत्तरं देण्याआधी ही रचना सांगा.

आता तेलुगू अकादमी, म्हणजे सुरुवातीला सांगितलेली विद्यापीठीय पुस्तकांची संस्था. रावांच्या भाषाकार्याचा गाभा हाच आहे आणि तासातली किमान वीस मिनिटं इथे द्यावीत.

१९६८मध्ये केंद्रानं राष्ट्रीय शिक्षण धोरण जाहीर केलं आणि विद्यापीठीय पातळीवरची पुस्तकं प्रादेशिक भाषांत तयार करण्यासाठी प्रत्येक राज्याला १ कोटी रुपये देण्याची योजना काढली. त्या पैशावर राज्याराज्यांत संस्था उभ्या राहिल्या. केरळात भाषा इन्स्टिट्यूट, राजस्थान-मध्य प्रदेश-बिहारमध्ये हिंदी ग्रंथ अकादम्या, गुजरातेत ग्रंथनिर्माण बोर्ड, महाराष्ट्रात नागपूरचं विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ, आणि हैदराबादेत तेलुगू अकादमी. त्यामुळे ‘रावांनी एकट्यानं अकादमीची कल्पना काढली’ असं म्हणू नका. कल्पना देशभराची होती. रावांचं वेगळेपण असं की शिक्षणमंत्री असताना ते स्वतः अध्यक्ष झाले, आणि मंत्रिपद गेलं, मुख्यमंत्रिपद आलं, तेही गेलं, तरी १९७४पर्यंत अध्यक्षपदी राहिले. सहा वर्षं. अशा पदावर राजकारणी माणूस इतका काळ रमलेला फारसा दिसत नाही, कारण त्यातून मतं मिळत नाहीत.

अशा संस्थेत पुस्तक कसं तयार होतं हे समजलं की अडचणीही समजतात. आधी विद्यापीठांचे अभ्यासक्रम गोळा करायचे. राज्यात तीन विद्यापीठं असतील तर तीन वेगळे. त्यांतून सामाईक भाग काढायचा. मग विषयतज्ज्ञ आणि भाषातज्ज्ञ यांची समिती बसवून संज्ञांची यादी करायची. मग लेखक नेमायचा. लिहून आलं की विषयाच्या जाणकाराकडून तपासणी, त्यानंतर भाषेच्या जाणकाराकडून, मग मुद्रण. पदवीच्या एका जाड पुस्तकाला या वाटेवर दोन-तीन वर्षं सहज लागतात, आणि अभ्यासक्रम साधारण तेवढ्याच अवकाशात बदलतो. पुस्तक छापून गोदामात येतं तेव्हा त्यातली दोन प्रकरणं रद्द आणि एक नवीन आलेलं, हे वारंवार होतं. दुसरी चूक क्रमाची: आधी लेखकांना कामाला लावायचं आणि संज्ञासूची मागून करायची. मग एकाच संकल्पनेला तीन पुस्तकांत तीन शब्द. तिसरी चूक तपासणीची. विषयतज्ज्ञाला तेलुगू (किंवा मराठी) गद्याचा सराव नसतो आणि भाषातज्ज्ञाला विषय कळत नाही. दोघांना एका टेबलावर न बसवता पाठोपाठ कागद पाठवले, तर एकानं दुरुस्त केलेलं दुसरा बिघडवतो.

संज्ञा घडवण्याचे काही नियम तोपर्यंत रूढ झाले होते. केंद्राचा वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोग १९६१पासून काम करत होता. मूलद्रव्यांची चिन्हं, मापनाची एककं, वनस्पती-प्राण्यांची लॅटिन नावं जशीच्या तशी ठेवायची. बाकी संकल्पनांना शक्यतो संस्कृतमूलक शब्द, म्हणजे सगळ्या भारतीय भाषांत चालतील. ऐकायला सोपं. पण तेलुगू आणि मराठी दोघींनी संस्कृत शब्द घेतले ते आपापल्या वाटेनं, आणि अर्थ वेगळे होऊन बसले आहेत. मराठी भौतिकशास्त्रात ‘शक्ती’ म्हणजे पॉवर आणि ‘ऊर्जा’ म्हणजे एनर्जी. तेलुगूत ‘शक्ति’ म्हणजे एनर्जी, आणि पॉवरला शब्द ‘सामर्थ्यम्’. आपली गतिज ऊर्जा ही त्यांची ‘गतिज शक्ति’. तेलुगूत ‘व्यवसायम्’ म्हणजे शेती, त्यामुळे व्यवसाय खातं म्हणजे कृषी खातं. ‘अवसरम्’ म्हणजे गरज, ‘अनुमानम्’ म्हणजे संशय, ‘प्रपंचम्’ म्हणजे जग. ‘उपन्यासम्’ म्हणजे व्याख्यान. हिंदी वाचणाऱ्याला ती कादंबरी वाटेल. उलट ‘शिक्ष’ तेलुगूतही दंडच, आपल्या शिक्षेसारखी, आणि हिंदीत मात्र शिक्षा म्हणजे शिक्षण. राजीनामा आपल्याकडे आणि त्यांच्याकडे एकच. श्रोत्यांना हे दहा शब्द फळ्यावर लिहून दाखवा. सर्व भारतासाठी एकच परिभाषा करणं का कठीण आहे, हे त्यांना लगेच उमगेल.

चांगल्या संज्ञेची कसोटीही सांगता येईल. तिच्यापासून कुटुंब तयार व्हायला हवं. वाहक, वाहकता, सुवाहक, दुर्वाहक, अर्धवाहक: एक शब्द आला आणि बाकीचे त्याच्या मागून चालत आले. ज्या संज्ञेला प्रत्यय लागत नाही, जिचं विशेषण होत नाही, ती कोशात शोभते आणि वर्गात अडखळवते. पण याहून मोठी कसोटी वर्गाबाहेरची आहे. तेलुगूत नायट्रोजन, हायड्रोजन, ऑक्सिजनसाठी नत्रजनि, उदजनि, आम्लजनि असे शब्द घडले. त्यांतला नत्रजनि आज सर्वसामान्य शेतकऱ्याच्या तोंडी आहे आणि भास्वरम् म्हणजे फॉस्फरसही. आम्लजनि मात्र मागे पडला. आपल्याकडे नत्र, स्फुरद, पालाश हे तीन शब्द न शिकलेला शेतकरीही बरोबर वापरतो. कारण उघड आहे: ते खताच्या गोणीवर, कृषी सहायकाच्या तोंडी आणि दुकानाच्या पावतीवर आले. शब्द वापराच्या जागी पोचला की जगतो. समितीनं कितीही विचार करून घडवला असला, तरी वापरायला जागाच नसेल तर तो मरतो.

तेलुगू माध्यमाचं नेमकं हेच झालं. अकादमीची पुस्तकं निघाली, चांगलीही निघाली, आणि राज्याच्या स्पर्धा परीक्षांचे उमेदवार आजही इतिहास-भूगोलासाठी ती वाचतात; हे यश लहान नाही, आणि ते तिथेच मिळालं जिथे परीक्षा तेलुगूत देता येत होती. अभियांत्रिकी, वैद्यक आणि बड्या नोकऱ्यांची दारं इंग्रजीचीच राहिली. तिथे पालकांनी मुलांसाठी इंग्रजी निवडली. त्यांना दोष देणं अन्यायाचं होईल. नागपूरच्या मंडळाच्या पुस्तकांचं आपल्याकडे काय झालं, हे तुमच्याच महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जाऊन बघा. बहुधा मागच्या फडताळात सापडतील. शेवटच्या पानावरची परिभाषासूची वाचण्यासारखी असते.

आणखी एक गाठ होती: कोणती तेलुगू? गिडुगु राममूर्ती (१८६३-१९४०) यांनी ग्रांथिक तेलुगूविरुद्ध बोलीतल्या तेलुगूचा लढा दिला, आणि २९ ऑगस्ट हा त्यांचा जन्मदिवस तेलुगू भाषा दिन म्हणून पाळला जातो. पण बोलीतली म्हणून जी प्रमाण झाली ती किनारपट्टीची, कृष्णा-गोदावरीच्या जिल्ह्यांची. तेलंगणाची तेलुगू उर्दू-फारसीनं भरलेली. तिथला जमिनीचा कागद म्हणजे ‘पहाणी’. १९५४-५५ची खासरा पहाणी हा तिथल्या जमीनवादांतला पायाचा दस्तऐवज. मराठवाड्यातल्या वाचकाला हे शब्द परके वाटणार नाहीत, त्याच्या आजोबांच्या कागदांवरही खासरा आहे. असे शब्द संस्कृत करायला गेलात तर शेतकऱ्याला आपलीच जमीन ओळखू येत नाही. करीमनगरच्या माणसाला अध्यक्षपदी बसून हे दिसत नसेल, असं मला वाटत नाही.

एक भाषा म्हणजे एक राज्य हे गणितही रावांच्याच कारकिर्दीत हललं. पोट्टी श्रीरामुलूंच्या १९५२च्या बलिदानानंतर १ ऑक्टोबर १९५३ला आंध्र आणि १ नोव्हेंबर १९५६ला तेलंगणासह आंध्र प्रदेश झाला. पण ऑक्टोबर १९७२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुलकी नियम, म्हणजे हैदराबादच्या नोकऱ्यांत स्थानिकांना प्राधान्य, वैध ठरवले. किनारपट्टीत वेगळ्या आंध्र राज्यासाठी ‘जय आंध्र’ आंदोलन उसळलं, आणि जानेवारी १९७३मध्ये रावांचं मुख्यमंत्रिपद जाऊन राष्ट्रपती राजवट आली. जमीनसुधारणांमुळे दुखावलेले मोठे जमीनदारही त्यामागे होते. भाषा दोन्हीकडे तेलुगूच. भांडण नोकरीचं आणि जमिनीचं. २ जून २०१४ला वेगळा तेलंगणा झाला.

आता अनुवाद. लोक याला फावल्या वेळचा छंद समजतात. मला तो त्यांच्या भाषाकार्याचा सर्वांत टिकाऊ भाग वाटतो.

हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ १८९०पासून ‘करमणूक’मधून क्रमशः आली. यमू ही मुलगी स्वतःची कहाणी स्वतः सांगते, लहानपणापासून वैधव्य आणि केशवपनापर्यंत. रावांचा तेलुगू अनुवाद ‘अबला जीवितम्’ साहित्य अकादमीनं काढला. शीर्षकातच एक मोठा निर्णय आहे. मूळ शीर्षक म्हणजे एका बाईचा उसासा, बोलताबोलता अर्धवट सुटलेलं वाक्य. तेलुगू शीर्षक म्हणजे विषयाचं नाव: अबलेचं जिणं. आवाज गेला आणि विधान आलं. ही हानी आहे, पण असा निर्णय कुठून येतो हेही पाहा. समाजसुधारक कंदुकूरी वीरेशलिंगम् यांनी १८८१मध्ये राजमहेंद्रीला तेलुगू मुलखातला पहिला विधवाविवाह लावला तेव्हापासून तेलुगू वाचक हा विषय सामाजिक प्रश्न म्हणून ओळखत होता. शीर्षक त्याला ओळखीच्या दारातून आत नेतं.

मराठीतून तेलुगूत येताना व्याकरण कुठे अडवतं तेही सांगा. ‘मी घाबरले’, ‘मी गेले’, ‘मी रडले’: मराठी क्रियापद पानोपानी आठवण देतं की बोलणारी बाई आहे. तेलुगूत ‘वेळ्ळानु’ म्हणजे गेलो आणि गेले दोन्ही. प्रथमपुरुषात लिंग दिसतच नाही. तृतीयपुरुषात तर ‘ती आली’ आणि ‘ते आलं’ यांचं क्रियापद एकच, ‘वच्चिंदि’. आदर दाखवायचा तर ‘वच्चारु’. म्हणजे यमूचं बाईपण क्रियापदातून वाहायचं थांबतं. ते शब्दांच्या निवडीतून, लकबीतून, संबोधनांतून पुन्हा भरावं लागतं. काही गोष्टी मात्र सहज येतात. सोवळ्याला तेलुगूत ‘मडि’ हा नेमका शब्द आहे. नवऱ्याला मारलेली ‘अहो’ची हाक म्हणजे ‘एमंडी’. पण ‘इकडून येणं झालं’ हे नाव न घेता, कर्ताही न ठेवता नवऱ्याबद्दल बोलणं तेलुगूत तसंच्या तसं बसत नाही. ‘मावारु’ म्हणजे ‘आमचे हे’ जवळचं आहे, पण त्यात तो अदृश्यपणा नाही.

दुसरं भाषांतर उलट दिशेचं. विश्वनाथ सत्यनारायणांची ‘वेयि पडगलु’ ही जमीनदारी गावाच्या ऱ्हासाची विस्तीर्ण कादंबरी रावांनी ‘सहस्रफण’ या नावानं हिंदीत नेली. तेलुगूत आणि मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे आहेत: मेमु आणि मनमु. ऐकणाऱ्याला धरून की सोडून, हे एका शब्दात कळतं. हिंदीत दोन्हींना ‘हम’. ज्या कादंबरीत गाव, कुळ आणि परके यांच्यातली रेष हाच विषय आहे, तिथे ही हानी जाणवते. नात्यांचंही तसंच. तेलुगू ‘बाव’ म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा आणि वयानं मोठा आतेभाऊ किंवा मामेभाऊसुद्धा, कारण त्याच्याशी लग्न होऊ शकतं. मामाच्या मुलीशी सोयरीक आपल्याकडेही अनेक समाजांत आहे, म्हणून मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. उत्तरेतल्या हिंदी वाचकाला मात्र जीजा आणि ममेरा भाई एक कसे, हेच कळणार नाही. दक्षिणेचा माणूस हिंदीत लिहितो तेव्हा तो शब्दांबरोबर अशा रीतीही नेतो. राव १९७२पासून दक्षिण भारत हिंदी प्रचार सभेचे उपाध्यक्षही होते. तेलुगूचा कैवार आणि हिंदीचा प्रसार या दोन गोष्टी त्यांच्या ठायी एकमेकींच्या विरोधात उभ्या राहिल्या नाहीत, आणि विद्यार्थ्यांनी आज हे मुद्दाम समजून घ्यायला हवं.

राजकारणात याचं फळ त्यांना मिळालं का? १९८२मध्ये तेलुगू देसम पक्ष तेलुगू आत्मगौरवाची घोषणा घेऊन आला. १९८४च्या लोकसभेला राव हनमकोंडा आणि रामटेक अशा दोन जागी उभे राहिले. तेलुगू हनमकोंड्यात हरले, मराठी रामटेकमध्ये जिंकले. १९८९मध्ये पुन्हा रामटेकच. भाषेच्या अस्मितेची लाट आली तेव्हा भाषेचं काम केलेला माणूस तिच्याबाहेर राहिला. १९९१च्या नंद्याल पोटनिवडणुकीत मात्र तेलुगू पंतप्रधानासमोर तेलुगू देसमनं उमेदवार दिला नाही.

दिल्लीतली दोन कामं थोडक्यात घ्या. मनुष्यबळ विकास मंत्री असताना आलेली नवोदय विद्यालयं, त्यांतलं पहिल्या दोनांपैकी एक अमरावतीचं. तिथे आठवीपर्यंत प्रादेशिक भाषेतून शिक्षण, पुढे गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि सामाजिक शास्त्रं हिंदीतून, शिवाय नववीत तीस टक्के मुलं वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या प्रांतात. साखळी कुठे तुटते हे ओळखून केलेली ही तडजोड मला वाटते. आणि १९९२ची ७१वी घटनादुरुस्ती: ते पंतप्रधान असताना कोंकणी, मणिपुरी आणि नेपाळी आठव्या अनुसूचीत आल्या. गोव्यात व्याख्यान असेल तर इथूनच सुरुवात करता येईल.

श्रोत्यांमधून एक प्रश्न हमखास येईल: मग स्वतःची आत्मचरित्रात्मक कादंबरी त्यांनी १९९८मध्ये इंग्रजीत का लिहिली? सारवासारव करू नका. ती इंग्रजीतच आहे, आणि ज्या वाचकाला दिल्लीचं राजकारण समजावायचं होतं तो वाचक इंग्रजीत होता. पाच कड्यांची गोष्ट नीट सांगितली असेल, तर विद्यार्थी हे उत्तर स्वतःच देतील.

तयारीसाठी: आंध्र विधानसभेच्या १९६४-७१च्या कामकाजाचे छापील खंड, तेलुगू अकादमीच्या जुन्या पुस्तकांची मुखपृष्ठामागची पानं (तिथे समितीची नावं आणि आवृत्तीचं वर्ष असतं) आणि आपट्यांच्या कादंबरीची पहिली दहा पानं एवढं पुरेल. त्या दहा पानांत ‘इकडून’ किती वेळा येतं ते मोजा, आणि वर्गात एखादी तेलुगू घरातली मुलगी किंवा मुलगा असेल तर त्यांना त्यातली पाच वाक्यं तेलुगूत सांगायला लावा. त्या पाच मिनिटांसाठी वेळ राखून ठेवा.